काउंटरवरचा माणूस

(पोस्ट मोठी आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा तुकड्यातुकड्याने लिहिली आहे, तेव्हा जोड दिसतील. सांभाळून घ्या.)

गेल्या वर्षी मुलीकडे मिनिआपोलिसला गेलो होतो. तिथल्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलला ह्युबर्ट हम्फ्रीचं नाव दिलेलं आहे. जावईबापूंना विचारलं, हे कोण? म्हणाले, "होते कुणीतरी उपाध्यक्ष. राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले." पडलेल्या उमेदवाराचं नाव टर्मिनलला! आपल्याकडे पडलेल्याला दुसऱ्या दिवशी सत्काराच्या नारळासाठीसुद्धा कुणी बोलवत नाही.

विषय तिथेच संपला असता. पण मुलीच्या घराजवळच्या लायब्ररीत सहज चाळताना कळलं की हा बाबा फार्मासिस्ट होता. बापाचं औषधाचं दुकान, आणि हा सहा वर्षं त्याच दुकानात काउंटरवर उभा. मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो. माझी चाळीस वर्षं त्याच काउंटरमागे गेली आहेत.

हम्फ्रीचा जन्म २७ मे १९११चा, साउथ डकोटातल्या वॉलेस नावाच्या खेड्यात, दुकानाच्या वरच्या खोलीत. पुढे बापाने डोलंड या गावी दुकान मांडलं. १९२०च्या दशकात शेतमालाचे भाव पडले, गावातल्या बँका बुडाल्या आणि बापाला देणी फेडायला राहतं घर विकावं लागलं. त्या दिवशी ह्युबर्टने बापाला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मग मंदी आली, धुळीची वादळं आली. कॉलेज अर्धवट सोडून डेन्व्हरला जाऊन औषधशास्त्राचा झटपट कोर्स केला आणि १९३३ साली लायसन घेऊन ह्युरॉन गावातल्या बापाच्या नव्या दुकानात पुन्हा उभा राहिला. बाप डुकरांसाठीचं टॉनिकही स्वतः बनवून विकायचा. शेतकऱ्याकडे स्वतःच्या औषधाला पैसे नसतील, पण डुकराच्या औषधाला असतात. हे गणित तालुक्याच्या गावात दुकान चालवणाऱ्याला समजावून सांगायला लागत नाही. फक्त डुकराच्या जागी म्हैस धरा.

माणसं वाचायला शिकायचं असेल तर औषधाच्या दुकानासारखी शाळा नाही. चिठ्ठी पुढे करताना हात कसा थरथरतो त्यावरून कळतं, आजार घरात कुणाला आहे. हम्फ्री जन्मभर सारखा बोलत राहिला, भेटेल त्याचा हात हातात घेऊन बोलत राहिला. वॉशिंग्टनच्या शिष्ट मंडळींना त्याचा हा बडबडेपणा खटकायचा. मला तो ओळखीचा वाटला. काउंटरवरचा माणूस गप्प बसला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. त्याची बायको म्युरिएल त्याला म्हणायची म्हणे, भाषण अमर व्हायला ते अनंतकाळ चालायची गरज नसते. आमच्या घरीही या अर्थाचं बोललं जातं, पण इतक्या गोड शब्दांत नाही.

१९३७ साली तो पुन्हा कॉलेजात गेला. एम.ए.साठी लुइझियानात राहिला, तिथे गोऱ्यांचे नळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे हे रोजच्या रोज पाहिलं. १९४५ साली, चौतिसाव्या वर्षी, मिनिआपोलिसचा महापौर झाला. आज मुलगी ज्या शहराचं कौतुक सांगते, त्या शहराला १९४६ साली एका पत्रकाराने अमेरिकेतल्या ज्यूद्वेषाची राजधानी म्हटलं होतं. हम्फ्रीने १९४७ साली तिथे नोकरीत भेदभाव करणं बेकायदा ठरवणारा शहरी कायदा केला.

आणि मग १४ जुलै १९४८. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो, उपाध्यक्षपदाच्या शपथेचा नव्हे.

फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. ट्रूमन अध्यक्ष, निवडणूक तोंडावर, आणि हरणार असं सगळेच धरून चाललेले. दक्षिणेकडचे गोरे पुढारी पक्षाचा कणा. त्यांना दुखवू नये म्हणून जाहीरनाम्यात नागरी हक्कांबद्दल गुळमुळीत वाक्यं घातलेली. हा सदतीस वर्षांचा महापौर उठून दुरुस्ती मांडणार म्हणतो. वरिष्ठांनी बजावलं, पोरा, पक्षही बुडवशील आणि स्वतःही बुडशील. बाप साउथ डकोटातून प्रतिनिधी म्हणून आलेला होता. त्याला विचारलं. बापानेही सांगितलं की पक्ष फुटू शकतो, पण पटत असेल तर मागे हटू नको. हम्फ्री दहाएक मिनिटंच बोलला. जन्मात एकदाच इतकं कमी बोलला असेल. नागरी हक्कांची घाई होतेय म्हणणाऱ्यांना त्याने सांगितलं की आपण १७२ वर्षं उशीर केला आहे. राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर या आणि माणसाच्या हक्कांच्या लख्ख उन्हात चला, असं त्याचं ते प्रसिद्ध वाक्य. दुरुस्ती ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी मंजूर झाली. (अर्धं मत कसलं हे मला आधी कळेना. तिथे प्रतिनिधींना अर्धी मतंही असायची.) मिसिसिपीचे प्रतिनिधी आणि अलाबामाचे निम्मे उठून चालते झाले. दोन आठवडे व्हायच्या आत ट्रूमनने सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. नोव्हेंबरात ट्रूमन निवडून आला आणि हम्फ्री मिनेसोटा राज्यातून सिनेटवर.

सिनेटमध्ये स्वागत कसं झालं? दक्षिणेच्या गटाचा म्होरक्या रिचर्ड रसेल, जॉर्जियाचा. हम्फ्री जवळून जात असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला की मिनेसोटाच्या लोकांनी या मूर्खाला इथे पाठवलंच कसं. हे रसेल नाव लक्षात ठेवा. पुढे एकदा येणार आहे.

त्या काळात त्याने सगळंच झळझळीत केलं असं नाही. १९५४ साली कम्युनिस्टांवर बंदी आणणाऱ्या कायद्यात तो पुढे होता. आपल्याला कुणी लाल म्हणू नये म्हणून केलेली ती धडपड होती, आणि ती शोभली नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेचं जादा धान्य गरीब देशांना द्यायचा पीएल-४८० कायदा झाला आणि त्याच्या खंद्या समर्थकांत तो होता. हे वाचताना मला आई आठवली. रेशनवरचा तो तांबडा अमेरिकन गहू, आणि तिच्या भाषेत 'चामड्याच्या चपात्या'. गाजरगवतही त्याच गव्हातून आलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि कुणी कुणी त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. तेव्हा हम्फ्रीसाहेबांचा आणि आमच्या बांधाचा संबंध अगदीच नाही असं नाही. जानेवारी १९६६मध्ये शास्त्रीजींच्या अंत्यसंस्काराला अमेरिकेतर्फे दिल्लीत आला होता तोही हाच.

१९६०ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी केनेडीसमोर उभा राहिला. केनेडीकडे बापाचा पैसा, स्वतःचं विमान. हम्फ्री बसमधून फिरतोय. तेव्हा तो म्हणाला की चेन स्टोअरशी टक्कर घेणाऱ्या एकट्या दुकानदारासारखं मला वाटतंय. विस्कॉन्सिनला हरला, वेस्ट व्हर्जिनियाला हरला, शर्यतीतून बाहेर. ते वाक्य मी तीनदा वाचलं. कारण आमच्या दुकानासमोर चेनवालं मेडिकल उघडलं त्या दिवशी मला अगदी हेच वाटलं होतं. त्यावर येतोच.

१९६४चा नागरी हक्क कायदा ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी. कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचा म्हणून ओळखला जातो, पण सिनेटमध्ये तो ओढून नेला हम्फ्रीने. दक्षिणेचे सदस्य आळीपाळीने बोलत राहिले, दोन महिन्यांहून जास्त. चर्चा थांबवायला ६७ मतं लागत, म्हणजे रिपब्लिकन लोकही हवेत. त्यांचा नेता डर्कसन, मानी माणूस. हम्फ्रीने त्याची इतकी मनधरणी केली की शेवटी श्रेय डर्कसनच्या पदरात पडलं, आणि हम्फ्रीची त्याला हरकत नव्हती. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. कॅलिफोर्नियाचा सदस्य एंगल याला मेंदूचा ट्यूमर झालेला, वाचा गेलेली. त्याला चाकाच्या खुर्चीवरून आणलं आणि त्याने डोळ्याकडे बोट दाखवून होकार दिला. इंग्रजीत 'आय' म्हणजे डोळाही आणि होकारही. याच दिवसांत हम्फ्रीच्या मुलावर कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, आणि बाप सभागृह सोडू शकत नव्हता.

इथवरचा माणूस मला पूर्ण पटतो. इथून पुढचं सांगताना जीभ जड होते.

त्याला उपाध्यक्ष व्हायचं होतं. मनापासून. जॉन्सनने ते ओळखलं आणि गाजर पुढे धरलं. ऑगस्ट १९६४, अटलांटिक सिटीचं अधिवेशन. मिसिसिपीतून काळ्या लोकांनी स्वतःचं वेगळं प्रतिनिधी मंडळ आणलं होतं, कारण अधिकृत मंडळात एकही काळा माणूस नव्हता. त्यांच्यात फॅनी लू हेमर होती. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी बाई, मत नोंदवायला गेली म्हणून जागा सोडावी लागलेली, तुरुंगात मार खाल्लेली. जॉन्सनने हम्फ्रीला काम दिलं, हे प्रकरण मिटव, मग तुझं बघू. तडजोड काय, तर ६८ जणांच्या मंडळातल्या दोघांना जागा. हेमरबाईंनी त्याला तोंडावर विचारलं, तुमचं पद चार लाख काळ्या माणसांच्या जिवापेक्षा मोठं आहे का? असं म्हणतात की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं असेल. पण तडजोड त्याने मागे घेतली नाही. त्या लोकांनी ती धुडकावली आणि हम्फ्रीला पद मिळालं. १९४८च्या हम्फ्रीने या तडजोडीविरुद्ध भाषण केलं असतं.

१९६८ साली व्हिएतनामने हम्फ्रीला बुडवलं असं सगळे लिहितात. माझं मत वेगळं आहे. तो बुडायला सुरुवात अटलांटिक सिटीत झाली. व्हिएतनाम हा नंतरचा हप्ता.

त्यातही दैव बघा. व्हिएतनामबद्दल त्याचं मत सुरुवातीला बरोबरच होतं. पद मिळून महिना झाला असेल नसेल, फेब्रुवारी १९६५मध्ये त्याने जॉन्सनला लेखी टिपण दिलं. आत्ताच मोठ्या बहुमताने निवडून आलो आहोत, या युद्धातून अंग काढून घ्यायला यापेक्षा सोपं वर्ष मिळणार नाही, अडकलो तर विरोध आपल्याच माणसांतून उठेल, असा त्याचा मथितार्थ. तीन वर्षांनी जे घडलं ते जवळजवळ शब्दशः त्यात आहे. जॉन्सनने काय केलं? टिपण बाजूला ठेवलं आणि हम्फ्रीला व्हिएतनामच्या बैठकांना बोलावणं बंद केलं. वर्षभर.

आता आमच्या दुकानाकडे येतो. गल्ल्यावर अण्णा बसायचे, काउंटरवर मी. दुकानाचं लायसन माझ्या नावावर, पण शब्द अण्णांचा. २०११ साली समोर चेनवालं मेडिकल आलं, पंधरा टक्के सूट. मी एका रात्री अण्णांना म्हणालो, बीपी-शुगरच्या कायमच्या गिऱ्हाइकांना दहा टक्के तरी देऊ, नाहीतर ती जातील. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्टॉकिस्टचा माणूस आला की त्याच्याशी ते स्वतः बोलायला लागले. मागणी काय लावली, मला विचारणं बंद. महिनाभर. मग मी काय केलं? मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो की सूट कुणीही देईल, औषधाची खात्री कोण देणार? अण्णांनीसुद्धा असं कधी म्हटलं नव्हतं. समोरची औषधं त्याच कंपन्यांची आहेत हे मला पक्कं माहीत होतं. पण इतक्या जोरात सांगितलं की अण्णांनी पुन्हा मला स्टॉकिस्टच्या बोलण्यात घेतलं.

हम्फ्रीने नेमकं हेच केलं. फेब्रुवारी १९६६मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावला जाऊन आला आणि युद्धाची बाजू जॉन्सनपेक्षा उत्साहाने मांडायला लागला. वर्षभर दाराबाहेर बसवलेला माणूस आत घेतला गेला की असंच बोलतो. इतिहासकार याला निष्ठा म्हणतात. मी याला भीती म्हणेन, आणि अनुभवाने म्हणेन.

१९६८चं वर्ष. ३१ मार्चला जॉन्सनने आपण उभे राहणार नाही असं जाहीर केलं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. २७ एप्रिलला हम्फ्रीने उमेदवारी जाहीर केली आणि भाषणात 'आनंदाचं राजकारण' असे शब्द वापरले. गल्लीत मयत असताना बँड लावावा तसं झालं ते. जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतला रॉबर्ट केनेडीही मारला गेला. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात हम्फ्रीला उमेदवारी मिळाली, एकही प्रायमरी (उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारी पक्षाची निवडणूक) न लढवता, पक्षाच्या पुढाऱ्यांच्या जोरावर. २८ ऑगस्टच्या रात्री त्याच्या हॉटेलखाली पोलीस पोरांना लाठ्यांनी बदडत होते आणि अश्रुधुराचा वास वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीपर्यंत आला होता. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं.

सप्टेंबरअखेर गॅलप संस्थेच्या मतदार पाहणीत तो रिपब्लिकन उमेदवार निक्सनच्या पंधरा टक्के मागे. जाईल तिथे पोरं हुर्यो करतायत. निधी नाही. तेव्हा कुठे, ३० सप्टेंबरला, सॉल्ट लेक सिटीतून टीव्हीवर अर्धा तास विकत घेऊन तो बोलला की मी अध्यक्ष झालो तर उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवेन. समोरच्या डेस्कवरून उपाध्यक्षपदाचं बोधचिन्ह काढून ठेवलं होतं. जॉन्सनला फोन करून सांगितलं, तेही अगदी शेवटच्या क्षणी. खरं तर भाषण फार धाडसी नव्हतं, त्यातही अटी होत्याच. पण लोक एवढ्यासाठीच थांबले होते जणू. हुर्यो थांबली. मनातलं बोलत असशील तर आम्ही तुझ्याबरोबर आहोत, अशा अर्थाचे फलक दिसायला लागले. पाच आठवड्यांत पंधरा टक्क्यांची दरी जवळजवळ बुजली.

५ नोव्हेंबरला निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७. सव्वासात कोटींहून जास्त मतांत फरक पाच लाखांच्या आसपास. हेच भाषण त्याने ऑगस्टात केलं असतं तर? जॉन्सन खवळला असता, उमेदवारी गेली असती, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. असेलही. १९४८ सालीही सगळं जाणारच होतं की.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. मतदानाच्या तोंडावर जॉन्सनला कळलं होतं की निक्सनच्या गोटातून ॲना शेनॉल्ट नावाच्या बाईंमार्फत सायगावच्या सरकारला निरोप जातायत, की पॅरिसच्या शांतता वाटाघाटींना जाऊ नका, आमच्या काळात तुम्हाला जास्त मिळेल. हे हम्फ्रीच्या कानावर घालण्यात आलं. तो बोलला असता तर कदाचित निवडणूक फिरली असती. पण निक्सनला हे स्वतःला माहीत आहे याची खात्री नाही म्हणून तो गप्प बसला. पुढे कित्येक वर्षांनी निक्सनच्या सहकाऱ्याची टिपणं बाहेर आली आणि सूचना खुद्द निक्सनची होती हे दिसलं. हम्फ्रीचा तो सज्जनपणा होता की पुन्हा तीच जुनी सवय, वरच्याला विचारल्याशिवाय तोंड न उघडण्याची? मला सांगता येत नाही.

६ जानेवारी १९६९ला संसदेत मतमोजणीचं अध्यक्षपद रिवाजाप्रमाणे उपाध्यक्षाचं, म्हणजे स्वतःचा पराभव स्वतःच वाचून दाखवायचा. निक्सनने १९६१ला तो वाचला होता, पुढे अल गोरने २००१ला आणि कमला हॅरिसने २०२५ला वाचला. हम्फ्री त्या दिवशी नॉर्वेला गेला होता, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ट्रिग्वे ली यांच्या अंत्यविधीला. त्याच्या खुर्चीत बसून निकाल जाहीर कुणी केला? रिचर्ड रसेलने.

नंतरचं थोडक्यात. काही दिवस शिकवलं, १९७१ला पुन्हा सिनेटवर आला, १९७२ला पुन्हा उमेदवारीसाठी उभा राहिला आणि पुन्हा हरला. त्याचाच चेला वॉल्टर मोंडेल १९७७ला उपाध्यक्ष झाला आणि १९८४ला रेगनसमोर ४९ राज्यांत पडला, फक्त मिनेसोटाने हात दिला. या राज्याच्या मातीत काहीतरी आहे. हम्फ्रीला मूत्राशयाचा कॅन्सर झाला. १३ जानेवारी १९७८ला वेव्हर्ली गावच्या घरी वारला.

जाण्याआधी अंथरुणावरून त्याने कित्येकांना फोन केले. त्यांत निक्सन होता. वॉटरगेटनंतर राजीनामा देऊन कॅलिफोर्नियात तोंड लपवून बसलेला निक्सन. आपल्या अंत्यविधीला त्याने यावं अशी हम्फ्रीची इच्छा होती, आणि निक्सन आला. राजीनाम्यानंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनला आला तो ज्याला हरवलं त्याला निरोप द्यायला. कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदभवनाच्या घुमटाखाली सगळ्यांबरोबर उभा राहिला.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, हे काही मला पटत नाही. त्याने कशाला बोलवायचं?" आम्ही तेव्हा लेकवूड दफनभूमीत त्याच्या कबरीपाशी उभे होतो आणि थंडीने माझी बोटं आखडली होती. मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली.

समोरचं चेनवालं मेडिकल तीन वर्षांनी बंद झालं. आमच्यामुळे नव्हे, त्यांचं वरूनच गणित बसेना. शेवटच्या दिवशी त्यांचा मॅनेजर, लातूरकडचा पोरगा, रिकाम्या रॅक टेम्पोत भरत होता. अण्णांनी गल्ल्यावरून हाक मारून त्याला बोलावलं, शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि गावी कोण कोण असतं ते विचारत बसले. मी काउंटरवरून बघत होतो. तीन वर्षं मी त्या पोराच्या औषधांबद्दल काय काय बोललो होतो ते त्यालाही माहीत होतं.

अण्णा म्हणाले, चहा सांग. मी सांगितला, आणि दोन्ही कप मीच नेऊन दिले.